शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा आयता आलाय. पालकांनी त्यात कुठं बसायचं?

बालाघाटची माय

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पट ११८. वेशीला लागून तीन दगडी खोल्या आहेत, निजामाच्या काळातल्या. आधी वर माळवद होतं, ते गळायला लागल्यावर पत्रे टाकले. बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या, त्या माझ्या लग्नाच्या थोड्या आधी बांधलेल्या. दगडी भिंती अजून ताठ आहेत आणि स्लॅबची सळई मात्र उघडी पडलीय. मागच्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गात छताचा पोपडा खाली आला, परातीएवढा. रविवार होता म्हणून निभावलं. सोमवारी सकाळी खिचडी शिजवणाऱ्या मावशींबरोबर मी तो मलबा उचलला, तेव्हा खालच्या बाकावर माझ्याच लेकीनं कर्कटकानं कोरलेलं तिचं नाव दिसलं. अक्षरांत चुरा भरलेला होता.

तेव्हापासून मी मागं लागले. जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. आता काम मंजूर व्हायच्या बेतात आहे आणि परवा सरांनी नकाशा दाखवला. चार खोल्यांची सरळ रांग, तोंड पश्चिमेला, मैदानाच्या बरोब्बर मध्ये. त्यासाठी लिंबाचं झाड जाणार, दगडी खोल्याही पाडणार. आमचे मुख्याध्यापक भला माणूस आहे. ते म्हणाले, "ताई, ठरावावर सह्या झाल्या की काम सुटेल, उशीर झाला तर निधी परत जाईल." मी आठ दिवस मागून घेतलेत.

मला इमारत नको असं नाही. लवकरच हवी आहे. पण ही शाळा पुढची पन्नास वर्षं आमच्या लेकरांच्या लेकरांची असणार, आणि तिचा नकाशा गावात एकाही आईबापानं पाहिलेला नाही. त्यात आमचे निम्मे पालक ऊसतोडीला जातात. आत्ता पोळा झालाय. दसरा झाला की गाड्या भरतील, मग थेट उन्हाळ्यातच भेट. त्यांना विचारायचं असेल तर आत्ताच.

काय विचारू, कुणाला विचारू, कसं विचारू? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त गुरुजी

ताई, तुम्ही उपकार मागत नाही आहात, हे आधी मनात पक्कं करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ नं शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कलम २२ म्हणतं की शाळा विकास आराखडा ही समितीच तयार करील, आणि शासनानं द्यायच्या अनुदानाला तोच आराखडा आधार धरला जाईल. म्हणजे नकाशा तुमच्याकडं सहीला यायच्या आधी गरज काय आहे ते तुमच्याकडून तिकडं जायला हवं होतं.

ते का गेलं नाही, तेही सांगतो. मी ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं आराखडा मी एकट्यानं, एका बैठकीत लिहिला आणि सदस्यांच्या घरी वही पाठवून सह्या घेतल्या. कागद वेळेत जात होता, एवढंच बघितलं. ती माझी चूक होती. तुमच्या सरांना दोष न देता त्यांच्याकडं एवढंच मागा: मागच्या आराखड्याची प्रत, इतिवृत्ताची वही आणि यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, भरलेली इमारतीची माहिती. या तीन कागदांत तुमच्या शाळेची स्थिती काय लिहिलीय ते आधी वाचा. स्लॅबच्या खोल्या "सुस्थितीत" अशी नोंद असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

आणखी एक. मराठवाड्यात शाळा लोकांनी उभ्या केल्यात. निजामाच्या राज्यात उर्दू ही राज्याची भाषा असताना १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, पुढं स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. तेव्हा मराठीतून शिकायचं म्हणून गावंच्या गावं पदराला खार लावून उभी राहिली. त्या मातीतल्या आईबापांना "तुम्हाला नकाशातलं काय कळतं" असं कुणी म्हणू नये.

पायाड

मी बांधकाम खात्यातच आहे, नांदेड भागात. नाव लिहीत नाही. जे सांगतो ते कामाच्या अनुभवावरून.

घाई खरी असते. पण तांत्रिक मान्यतेच्या आधी नकाशात बदल करणं सोपं, कार्यारंभ आदेश निघाल्यावर फार अवघड. तुम्ही अजून अलीकडच्या बाजूला आहात. शाखा अभियंत्यांना "नकाशा बदला" असं म्हणू नका, "एकदा जागेवर या" म्हणा. आमच्याकडं चार खोल्यांचा नमुना नकाशा तयार असतो, तोच सगळीकडं जातो. तो वाईट नसतो. पण त्याला तुमची जमीन, तुमचा वारा, तुमचा ओढा ठाऊक नसतो.

तीन गोष्टी बघा.

पहिली, जमीन. मैदान काळ्या मातीचं असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर्षानुवर्षं हा खेळ चालतो आणि भिंतींना तिरप्या चिरा जातात. अंदाजपत्रकाच्या आधी परीक्षण खड्डा घ्यायला लावा आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते स्वतः उभं राहून बघा. पाया मुरमात टेकला पाहिजे, वर जोत्याची तुळई हवी, आणि इमारतीभोवती फरसबंदी हवी म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाजवळ मुरणार नाही. झाडाचंही ध्यानात घ्या. काळ्या जमिनीत मोठं झाड मुळांजवळचं पाणी ओढतं, म्हणून इमारत झाडाला चिकटून नको. त्यासाठी झाड तोडायची गरज नाही, इमारत सरकवा.

दुसरी, दिशा. रांग पूर्व-पश्चिम लांब ठेवली तर खिडक्या दक्षिण-उत्तर येतात, वारा आरपार खेळतो. पश्चिमेला तोंड म्हणजे दुपारी दोननंतर उन्हाची तिरीप फळ्यावर. एप्रिलात आपल्याकडं काय तापतं ते मी सांगायला नको.

तिसरी, दगडी खोल्या. त्या पाडायच्या तर निर्लेखनाचा, म्हणजे जुनी इमारत नोंदीतून काढायचा, प्रस्ताव लागतो: समितीचा ठराव, बांधकाम विभागाची तपासणी, वरची मंजुरी, मग साहित्याचा लिलाव. पाडण्याआधी संरचनात्मक तपासणीची लेखी मागणी करा. एक घरगुती पारख सांगतो. भिंतीचा सांधा मोठ्या खिळ्यानं खरवडा. भुसभुशीत माती निघाली तर दगड मातीत बसवलाय. पांढरट, टणक लागलं आणि खिळा घसरला तर चुना आहे. चुन्यातली भिंत नीट असेल तर ती वाचवण्याजोगी असू शकते. निर्णय मात्र तपासणी झाल्यावरच.

बालाघाटची माय

गुरुजी, पायाड दादा, मनापासून आभार. आत्ताच जाऊन खिळ्यानं बघितलं. पांढरं आहे, खिळा वाकला. एका कोपऱ्यात मात्र मागं कुणीतरी दुरुस्ती केलेली दिसते, तिथं माती निघाली.

लेकीची आई

ताई, मी लातूरची. आमच्या इथं चार वर्षांपूर्वी नवीन इमारत झाली तेव्हा मीही समितीत होते आणि आम्ही कुणाला विचारलं नाही. मुलींचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागच्या बाजूला बांधलं, कंपाउंडला लागून. कागदावर सगळं बरोबर होतं, मुला-मुलींचं वेगळं, नळ, टाकी. पण भिंतीपलीकडं पानटपरी. तिथं दिवसभर माणसं उभी. सहावी-सातवीच्या पोरी तिकडं जाईनात.

मला हे कळलं कसं, तर माझी लेक रोज भरलेली बाटली तशीच परत आणायची. मी तिला रागवायची, पाणी का पीत नाहीस म्हणून. एक दिवस म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की जावं लागतं." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग आम्ही मोठ्या पोरींना बायांनीच बसून विचारलं, सर लोकांना बाहेर ठेवून. त्यांनी जी जागा दाखवली ती सातवीच्या वर्गाच्या ओट्याशेजारी होती, बाईंच्या नजरेच्या टप्प्यात. आतून कडी, खुंटी, पाण्याची बादली आणि पाळीच्या दिवसांत कापड-पॅड टाकायला झाकणाचा डबा, एवढंच मागितलं. खर्च फार नव्हता. आधी विचारलं असतं तर वेगळा खर्च झालाच नसता.

तुम्ही आयांना विचारा, पण पोरींना वेगळं विचारा. चारचौघांत त्या बोलणार नाहीत.

कोयता

ताई मी तुमच्याच गावातला हाय. बायको अन् मी जोडीनं ऊसतोडीला जातो, पंधरा वर्षं झाली. आमाला शाळेच्या मीटिंगचा कागद कदी मिळत नाही असं नाही, मिळतो. पर तो मिळतो जानेवारीत अन् आम्ही तवा फडावर सांगली-कोल्हापूरकडं. माय घरी हाय, तिला सही येत नाही, आंगठा देती. कशावर दिला इचारलं तर म्हनती सरांनी सांगितलं.

आमची दोन लेकरं मायजवळ राहत्यात. हंगामी वसतिगृहाचं जेवन शाळेतच असतंय संध्याकाळी. अंधार पडल्यावर लेकरं तितं जात्यात. लाईट नसतीय. मागच्या साली पोरगं वट्ट्यावरून पडलं, हात मोडला, आमाला तिकडं फोन आला तवा मी मोळी बांधत होतो. यायला दोन दिवस लागले.

मला नकाशातलं कळत नाही. पर मला इचारलं तर मी सांगन, सैपाकघर अन् हात धुवायची जागा अशी ठिवा की संध्याकाळी तिथंवर उजेड पडंल. अन् दप्तरं ठिवायला एक कुलपाचं कपाट. घरी पावसात भिजत्यात.

मीटिंग घ्यायची तर दसऱ्याच्या आत घ्या अन् दिवसा घेऊ नका. आता उडीद-मूग झाला, सोयाबीनला अजून टाईम हाय. रात्री जेवनं झाल्यावर सगळे येत्याल. मुकादमाला सांगू नका बोलवायला, तुमी घरी येऊन सांगा.

निवृत्त गुरुजी

कोयता भाऊंचं लिहिणं मी दोनदा वाचलं. ताई, याच्यावरून एक सुचवतो. कायद्यात आई-वडील किंवा पालक असा शब्द आहे. ज्या घरात सहा महिने आजीच लेकरं सांभाळते, तिथं आजी हीच त्या काळातली पालक. बैठकीला आजीला बोलवा, तिच्यासमोर वाचून दाखवा आणि मग अंगठा घ्या. आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या आधी जातो, म्हणजे बरोबर गाळपाच्या हंगामात. आपल्या जिल्ह्यात ही वेळच चुकते. तुम्ही तो आत्ता, भाद्रपदातच लिहून ठेवलात तर जानेवारीत नुसता पाठवायचा राहील.

पेठेतला

मनापासून विचारतो, राग मानू नका. पालक येतात का? आमच्या तालुक्याच्या गावी शाळेची बैठक म्हणजे पाच माणसं आणि चहा. आणि दुसरं, पट. सकाळी सात वाजता गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस येते आणि भरून जाते. चार खोल्या बांधून त्यात पाच वर्षांनी किती लेकरं असतील? मला सरकारी शाळेबद्दल आकस नाही, मी तिथंच शिकलो. पण हा प्रश्न कुणी विचारत नाही.

उंबरठा

पेठेतले भाऊ, त्या बसमध्ये माझं लेकरू जातं. तो दुसरीत असताना मी त्याचं नाव काढलं. इंग्रजीसाठी नाही. वर्गात बादल्या ठेवलेल्या होत्या आणि भिंतीला हात लावला की ओल लागायची, त्याला बाळदमा आहे. वर्षाला फी आणि बसचे मिळून जे जातात ते मला परवडत नाहीत. आमच्या शाळेतले गुरुजी आजही मला चांगले वाटतात. छत नीट असतं तर मी काढलंच नसतं.

ताई, जे गेले त्यांच्याही घरी जाऊन विचारा, का गेले म्हणून. त्यांना कुणीच विचारत नाही.

पेठेतला

हे मला सुचलं नव्हतं. ठीक आहे. ताईंनी विचारलं तर काय उत्तरं आली ते इथं लिहावं.

चाकं

एकच सांगायचं आहे. माझा मुलगा चाकाच्या खुर्चीवर आहे. त्याच्या शाळेला उताराचा रस्ता आहे, फोटोत छान दिसतो, पण एवढा उभा की वर चढवताना मागं दोघं लागतात आणि उतरताना मी खुर्ची उलटी धरतो. नियम सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. काळ्या जमिनीमुळं तुमचं जोतं दोन फूट उंच येणार असेल तर उतार चोवीस फुटांचा हवा, वर वळायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. ती लांबी नकाशातच धरली नाही तर नंतर जागा उरत नाही आणि मग उभाच उतार होतो. आज तुमच्या पटावर असं मूल नसेल तरीही. माझ्याही मुलाचं जन्मल्यावर लगेच कुणाला कळलं नव्हतं.

औशाचा

३० सप्टेंबर १९९३ ला मी सातवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले, पहाटे चारला थोडा वेळ असताना जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून फार लांब नाही. जी माणसं गेली ती बहुतेक आपल्याच घराच्या भिंतीखाली गेली. मातीत बसवलेले गोल दगड, दोन्ही बाजूंना सुबक चेहरा आणि आत भर, वर दीड-दोन फूट मातीचं माळवद. भिंत मधून उकलली आणि माळवद खाली बसलं. तोवर हा पट्टा भूकंपाच्या बाबतीत सगळ्यात सुरक्षित धरलेला होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात घेतला.

हे अशासाठी लिहितो की त्यानंतर जे झालं ते ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बावन्न गावं उठवून नव्या जागी बसवली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं होती तिथंच दुरुस्त करायची होती. ती दुरुस्ती लोकांनी स्वतः करायची, पैसे हप्त्यानं मिळायचे, आणि घरोघर जाऊन समजावून सांगायला गावातल्याच बायकांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. हजाराहून जास्त गावांत हे चाललं. माझी मावशी त्यातली एक. चौथी शिकलेली. ती भिंतीसमोर उभी राहून गवंड्याला सांगायची, इथं आरपार जाणारा लांब दगड घाल, इथं सळईचा पट्टा फिरव. गवंडी आधी हसायचे. नंतर तिला बोलवायला यायचे.

म्हणून नवीन खोल्यांना जोत्याला, दारखिडक्यांच्या वर आणि छताखाली असे पट्टे आहेत का ते विचारा. सांगाड्याची इमारत असेल तर खांब-तुळईच्या सांध्यात रिंगा किती जवळ आहेत ते स्लॅब भरायच्या आधी बघा. भरल्यावर काही दिसत नाही. नगर जिल्ह्यात निंबोडीला २०१७ च्या ऑगस्टमध्ये शाळेचं छत पडून तीन लेकरं गेली. शाळेचं छत हा असा विषय आहे.

वस्तीवरचा

सगळे नवीन इमारतीबद्दल लिहितायत. जुनी पाडल्यापासून नवी होईपर्यंत लेकरं कुठं बसणार? आमच्या गावात हा प्रश्न कुणी काढला नाही, शेवटी देवळाच्या सभामंडपात वर्ग भरवले. उघड कुणी अडवलं नाही. पण आमच्या वस्तीतली लेकरं पायरीजवळ बसायची, आपोआप. दोन मुसलमान पोरं यायचीच बंद झाली. आठ महिने म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात माझ्या पोरीचं वाचन मागं पडलं ते पडलंच.

ताई, ही जागा आधी ठरवा, आणि ठरवताना आमच्यासारख्यांच्या घरातलं माणूस समोर असू द्या. सगळ्यांना विनासंकोच जाता येईल अशी जागा हवी. आणि जुन्या सगळ्या खोल्या एकदम न पाडता नव्या दोन-दोन करता येतात का तेही बघा.

पायाड

वस्तीवरचे भाऊ म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, आणि टप्प्यानं काम करता येतं. दगडी खोल्या शाबूत असतील तर नवीन होईस्तोवर वर्ग तिथंच भरू शकतात. तपासणीत तसं निघालं तर तो मोठा फायदा आहे.

आणखी, पाण्याचं. स्लॅबला निदान सात दिवस, आणि आज बाजारात जे मिश्र सिमेंट येतं त्याला दहा दिवस पाणी मारावं लागतं. आपल्याकडं मेमध्ये स्लॅब टाकतात, तेव्हा प्यायला टँकर असतो, मग पाणी मारणार कोण? कामाचा क्रम असा मागा की स्लॅब बोअरला पाणी आहे तोवर पडेल. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आपण ते विसरू नये. म्हणून छताचं पाणीही साठवा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दोन हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण १८५ चौरस मीटर. हिशोब तुमच्या सातवीच्या वर्गाकडून करून घ्या. पन्हळीचा उतार आणि टाकीची जागा नकाशातच दाखवायला लावा.

पैशाचंही थोडं. शाळेला दरवर्षी येणारं संयुक्त अनुदान तुमच्या पटाला पन्नास हजारांच्या घरात असतं, त्यातून खोल्या होत नाहीत, दुरुस्ती-साफसफाई होते. संरक्षक भिंतीसाठी ग्रामपंचायतीकडून रोजगार हमीचा मार्ग विचारून बघा, म्हणजे इमारतीच्या निधीतून भिंतीला पैसे काढावे लागणार नाहीत.

बालाघाटची माय (सहा दिवसांनी)

लिहायला उशीर झाला, कारण रोज रात्री कुणाच्या ना कुणाच्या घरी होते.

कोयता भाऊंनी सांगितलं तसंच केलं. समितीतल्या आम्ही चौघीजणी घरोघर गेलो. शाळेतल्या लेकरांची घरं तर केलीच, बसनं जाणाऱ्यांचीही केली. पेठेतले भाऊ, तुम्ही विचारलं होतं. सतरा घरं झाली बसवाल्यांची. सहा जणांनी सरळ इंग्रजी म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी छत, साप, पावसाळ्यात वर्गात पाणी, आणि एका आजीनं "तिथं पंखा नाही, नातवाला घामोळं येतं" असं सांगितलं. मी सगळं वहीत लिहिलंय.

बैठक समाजमंदिरासमोर घेतली, रात्री साडेआठला. नकाशा भिंतीला लावला तर कुणाला काही कळेना. मलाही नीट कळत नव्हता. मग एक तरुण पोरगा, जो गवंड्याच्या हाताखाली काम करतो, तो म्हणाला, रविवारी जमिनीवरच काढू. सरांनी परवानगी दिली. कबड्डीच्या मैदानाला वापरतात ती फक्की आणली आणि मैदानावर चारही खोल्या खऱ्या मापानं आखल्या, दारं-खिडक्या-ओटा सगळं. लेकरं पळत येऊन "माझा वर्ग" म्हणून चौकोनात बसली. आया बाहेर उभ्या. तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं की खेळायला उरलेली जागा म्हणजे एक पट्टी आहे.

आणि मग एक म्हातारे, त्यांचा पणतू पहिलीत आहे, काठी टेकत आखणीच्या तिसऱ्या खोलीत गेले. म्हणाले, "इथून ओघळ जात होती. वरच्या माळाचं सगळं पाणी इथनं वढ्याला मिळायचं. आम्ही शाळेत असताना हितं चिखलात बसायचो." कुणाला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला. मी छत्री घेऊन गेले. पाणी बरोबर तिथूनच वाहत होतं, फक्कीची तिसरी खोली तेवढी धुऊन गेली, बाकीच्या तीन दिसत होत्या. मोबाईलवर काढून ठेवलं.

तो फोटो शाखा अभियंत्यांना दाखवला. ते त्याच दिवशी आले. मी "बदला" म्हटलं नाही, पायाड दादा, "बघा" एवढंच म्हटलं. त्यांनी ओघळ चालत जाऊन बघितली आणि स्वतःहून म्हणाले, खोल्या उत्तरेच्या अंगाला सरकवू, रांग पूर्व-पश्चिम करू. लिंब राहतो. दगडी खोल्यांची तपासणी मागवतो म्हणाले, तोवर निर्लेखनाचा विषय थांबवला. दोन खोल्या आधी, मग दोन. त्यांनी एक गोष्ट मात्र नाकारली, दुमजली नको. आमच्यातले काही जण दुमजलीसाठी अडून बसले होते, मैदान वाचेल म्हणून. पायाचा खर्च वाढतो आणि लहान लेकरांना जिना नको, हे त्यांनी समजावलं, पटलं.

स्वच्छतागृहाची जागा पोरींनी दाखवली. सातवीच्या एका पोरीनं नकाशावर पेन्सिलीनं फुली केली आणि लगेच बाहेर पळाली. ठरावात तीच जागा लिहिलीय. उतार चोवीस फूट. स्वयंपाकघरापासून हात धुवायच्या जागेपर्यंत दिवे. ठराव सरांनी मोठ्यानं वाचून दाखवला, प्रत्येक कलमाला थांबून, मग सह्या आणि अंगठे. कोयता भाऊ, तुमच्या आई आल्या होत्या. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

वस्तीवरचे भाऊ, वर्गाच्या जागेवरून वाद झाला. काहींना देऊळच हवं होतं, जवळ पडतं म्हणून. बुद्धविहाराशेजारच्या दोन आया उठून बोलल्या, मग पठाण मावशी बोलल्या. शेवटी दगडी खोल्या, आणि कमी पडलं तर ग्रामपंचायतीचं सभागृह, असं लिहिलं. दोघंतिघं नाराज होऊन गेले. त्यांच्या घरी मी पुन्हा जाणार आहे.

कोयता

मायनं सांगितलं. लई बोलली, अर्धा तास. ताई, काम सुरू झालं की आमाला फोटू टाकत जा. मोजमापाचं कागद पन टाका, आमच्या टोळीत दोगं सेंट्रिंगवर काम केलेले हायत, ते बघत्याल.

निवृत्त गुरुजी

इतिवृत्तात त्या वृद्ध गृहस्थांचं म्हणणं ओघळीसह नोंदवलंत का? नसेल तर नोंदवा. उद्या अधिकारी बदलले तर फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये राहतो, वही शाळेत राहते.

बालाघाटची माय

नोंदवलं गुरुजी, तारखेसह. कोयता भाऊ, गट केलाय, त्यात आत्ता चौऱ्याहत्तर जण आहेत. ज्यांच्याकडं साधा फोन आहे अशांची वेगळी यादी, त्यांना दर रविवारी रात्री आम्ही आळीपाळीनं फोन करायचं ठरवलंय.

आज परीक्षण खड्डा घेतला. अख्खी शाळा भोवती. आधी काळी, मग पिवळसर चिकट, साडेपाच फुटांवर पहारीचा आवाज बदलला. मुरूम.

पायाड

साडेपाच चांगलं आहे. दुसऱ्या टोकालाही एक खड्डा घ्यायला लावा, चाळीस-पन्नास फुटांत फरक पडतो. आणि तो उघडा ठेवू नका, लेकरं आहेत.

बालाघाटची माय

घेते. पहिल्याच्या भोवती बाभळीचे काटे टाकलेत.